पाण्याचा नमुना ‘पिण्यास योग्य’, मग गावात कावीळ कुठून आली?

प्रश्न थोडक्यात असा. करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव. १८ जुलै ते ८ ऑगस्ट एवढ्या काळात काविळीचे १७ रुग्ण, त्यातले बहुतेक खालच्या आळीतले. ४ ऑगस्टला नळाच्या पाण्याचा नमुना गेला, अहवाल आला ‘पिण्यास योग्य’. ग्रामपंचायत म्हणते पाण्यात दोष नाही, लोक म्हणतात पाणीच बाधलंय. तरुण मंडळाच्या मुलांनी विचारलंय की यात खरं कुणाचं आणि आम्ही नेमकं काय करायचं.

दोघांचंही खरं असू शकतं. नमुना ऑगस्टचा आहे, दूषित पाणी पोटात गेलं ते बहुधा जूनमध्ये. पावसाळ्यात नळाच्या पाण्यातून येणारी आणि तरण्याताठ्या माणसांना होणारी कावीळ आपल्याकडे बहुतेक वेळा हेपॅटायटिस ई ची असते. हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारण १५ ते ६४ दिवस जातात, सरासरी पाच ते सहा आठवडे. गॅस्ट्रोचं तसं नसतं. आज पाणी बाधलं की उद्या-परवा जुलाब, आणि त्या दिवशीचा नमुना बरंच काही सांगून जातो. काविळीत नमुन्याची बाटली भरेपर्यंत नळातून दीड महिन्याचं पाणी वाहून गेलेलं असतं. शिवाय रुग्ण निघाल्यावर सगळे खडबडून जागे झालेले, टाकीत टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर, दुप्पट पडलेलं. त्या दिवशी पाणी चांगलं निघालं नसतं तरच नवल.

दुसरी गोष्ट, त्या अहवालात काय तपासलेलं असतं ते बघा. नेहमीच्या तपासणीत कोलिफॉर्म जीवाणू बघतात. एच-टू-एस बाटलीतही मैल्यातले जीवाणूच, पाणी काळं झालं की ते आहेत असं धरायचं. यातली एकही तपासणी विषाणू बघत नाही. क्लोरीनला जीवाणू लवकर बळी पडतात. गढूळ पाण्यात मैल्याच्या बारीक कणाआड बसलेला विषाणू मात्र तग धरतो. याचा सगळ्यात मोठा दाखला १९५५-५६ च्या दिल्लीचा. यमुनेतून पाणी उचलायच्या जागी सांडपाणी घुसलं. केंद्रावरच्या लोकांना ते कळलं होतं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलंही. कॉलरा आला नाही, टायफॉईड वाढला नाही, पण काविळीचे २९ हजारांच्या आसपास रुग्ण झाले. ती हेपॅटायटिस ई ची साथ होती हे कळायला पुढची काही दशकं जावी लागली. लांब कशाला, इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात हाच आजार आला होता. हजारो माणसं आजारी पडली, मृत्यूही झाले.

म्हणून आता पुन्हा पुन्हा नमुने पाठवून वाद मिटणार नाही. तारखा लावाव्या लागतील.

तारखा लावायची रीत सोपी आहे, चौकडीची वही पुरते. आडव्या रेषेवर १ जुलैपासून एकेक दिवस मांडा. एका रुग्णाला एक चौकोन, आणि तो ज्या दिवशी पहिलं लक्षण दिसलं त्या दिवसावर. दवाखान्यात गेल्याची किंवा रिपोर्ट आल्याची तारीख इथं चालत नाही, घोळ नेमका तिथंच होतो. कुणी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जातं, कुणी दहा दिवस गावठी औषध घेऊन मग जातं. ‘डोळे पिवळे कधी दिसले’ आणि ‘जेवण नकोसं कधी झालं’ या दोन तारखा वेगवेगळ्या विचारा. तारीख आठवत नाही म्हणाले तर नागपंचमी, बाजाराचा दिवस, भात रोप लावणीचा दिवस असं काहीतरी धरून विचारा, आठवतं.

आता मागं मोजा. तुमचा पहिला रुग्ण १८ जुलैचा. त्याच्या पोटात विषाणू किमान १५ दिवस आधी गेलेला, म्हणजे ३ जुलैच्या आत. शेवटचा ८ ऑगस्टचा. त्याला जास्तीत जास्त ६४ दिवस झाले असतील, म्हणजे ५ जूनच्या मागं जायला नको. सगळ्यांना एकाच घटनेतून लागण झाली असेल तर ती ५ जून ते ३ जुलै यामध्येच घडलेली असणार. चौकोनांचा सगळ्यात उंच ढीग १ ऑगस्टच्या आसपास असेल तर तिथून ४० दिवस मागं जा, २२ जून येतो. तुमचा खरा प्रश्न हा: जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गावच्या पाण्याचं काय झालं होतं?

हे आठवणीवर सोडू नका. टाकीवरची मोटर चालू-बंद केल्याची वही, टीसीएलचा साठा आणि वापराची नोंद, आरोग्यसेवकाच्या ओटी टेस्टची (नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरलं ते रंगावरून बघायची) वही, प्लंबरला दिलेल्या पैशाची पावती, गटार किंवा रस्त्याचं काम झालं असेल तर जेसीबी कधी आला होता ते, वीज किती दिवस नव्हती, सगळं गोळा करा. पाणी सोडणाऱ्याशी चहाच्या टपरीवर शांतपणे बसून बोला. कुठल्या व्हॉल्व्हचं झाकण गेलंय, कुठल्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचतं, कुणाच्या दारात पाईप फुटली होती आणि रबर ट्यूब गुंडाळून भागवलं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत तर त्यातलं एक अक्षर कळणार नाही.

तारखांनंतर जागा. इथं एक चूक जवळपास सगळे करतात, रुग्ण वॉर्डाप्रमाणे किंवा गल्लीप्रमाणे मोजतात. पाण्याला वॉर्ड कळत नाही, त्याला व्हॉल्व्ह कळतो. म्हणून गावाचा कच्चा नकाशा काढून आधी टाकी, मुख्य लाईन, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्या व्हॉल्व्हवरची घरं काढा. समोरासमोरची दोन घरं वेगळ्या लाईनवर असतात असं गावागावांत दिसतं. मग रुग्णांची घरं टिंबांनी दाखवा. टिंबं दाट दिसली म्हणून लगेच निष्कर्ष नको, त्या व्हॉल्व्हवर माणसं किती राहतात ते मोजा. समजण्यापुरते आकडे घेऊ. वरच्या व्हॉल्व्हवर ६२० माणसं, २ रुग्ण. मधल्यावर ५४० माणसं, २ रुग्ण. खालच्यावर ४१० माणसं, १३ रुग्ण. हजारी प्रमाण काढलं तर वर ३, मध्ये ४ आणि खाली ३२ च्या जवळ. असं चित्र आलं तर दोष नदीत नाही, जॅकवेलला (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीत) नाही, बहुधा टाकीतही नाही. तिथं दोष असता तर एरवी तिन्ही व्हॉल्व्ह सारखे होरपळले असते (पाणी सोडताना टीसीएल मध्येच पडत असेल तर गोष्ट वेगळी, ते पुढं येईल). दोष खालच्या व्हॉल्व्हच्या पुढं कुठंतरी जमिनीत आहे.

उलट तिन्हीकडं प्रमाण सारखंच आलं, आणि त्याच नदीवरून पाणी उचलणाऱ्या शेजारच्या गावातही रुग्ण असले, तर नदीकडं बघायचं. पंचगंगेवर हा विचार करावाच लागतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, पाणी तुंबून उभं असतं आणि वरून गावांचं, शहराचं सांडपाणी येत राहतं. पहिल्या पावसात नाल्यांतली वर्षभराची घाण एकदम नदीत उतरते. तेव्हा पाणी काळसर, फेसाळ दिसतं, मासे वर येतात, आणि आपल्या बऱ्याच योजनांत त्या दिवसांत पाणी निवळण्याची सोय नसते. जॅकवेलमधून थेट टाकीत, वर मूठभर टीसीएल, की सोडलं.

वरच्या आणि मधल्या व्हॉल्व्हवरचे ते चार रुग्ण मात्र सोडू नका. ही वेगळी पडलेली माणसंच तुमचा निष्कर्ष पक्का करतात किंवा पाडतात. त्यांच्याकडं जास्त वेळ बसा. कुणी रोज सकाळ-संध्याकाळ खालच्या आळीतल्या दूध संस्थेत काम करतं का? तालमीत जातं का? माहेर खाली आहे का? चारांपैकी तिघांचं नातं खालच्या नळाशी निघालं तर संशय बराच पक्का होतो. नातं निघालंच नाही, पण चौघंही एकाच लग्नात जेवलेले निघाले, तर सगळा हिशेब पुन्हा मांडा.

आणि निरोगी माणसांना विचारल्याशिवाय कुठल्याही निष्कर्षाला किंमत नाही. ‘१७ पैकी १६ जण नळाचं पाणी पितात’ हे ऐकायला दमदार वाटतं. पण गावात सगळेच नळाचं पितात, मग त्यातून काय सिद्ध झालं? प्रत्येक रुग्णामागं त्याच वयाची, त्याच परिसरातली दोन निरोगी माणसं घ्या आणि तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. पाणी नळाचं, बोअरचं की जारचं. उकळून की तसंच. पाणी सुटल्यावर पहिल्या धारेचं भरलं की मागाहून. जूनमध्ये कुठल्या जत्रेत, लग्नात, म्हाईत जेवलात. उसाचा रस, बर्फाचा गोळा कुठं खाल्ला. रुग्णांत एक गोष्ट खूप आणि निरोगी माणसांत कमी दिसली, तर तिथं बोट ठेवता येतं. प्रश्न विचारणाऱ्यानं ‘ते पाणी खराबच होतं ना?’ असं विचारलं की उत्तर वाया गेलं म्हणून समजा.

रुग्ण कुणाला म्हणायचं हेही आधी लिहून ठेवा, नाहीतर यादी फुगते. उदाहरणार्थ, ‘१ जुलैनंतर डोळे पिवळे झालेली किंवा लघवी गडद पिवळी होऊन जेवणावरची वासना गेलेली, आणि त्याआधीचे दोन महिने गावात राहणारी व्यक्ती’. आशाताईंना बरोबर घेऊन घरोघर जा. आजूबाजूच्या खासगी दवाखान्यांत आणि रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत चौकशी करा, कारण निम्मे रुग्ण सरकारी दवाखान्याकडं फिरकतच नाहीत. यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. लग्नाच्या मुलीचं नाव काविळीच्या यादीत फिरलं तर पुढच्या घरी कुणी तोंड उघडणार नाही.

रक्ताचे नमुने सगळ्यांचे नको. लक्षणं नुकती सुरू झालेल्या पाच-दहा जणांचे पुरतात. त्यात हेपॅटायटिस ई आणि ए दोन्हींच्या आयजीएम प्रतिपिंडांची (नुकतीच लागण झाल्याची खूण) तपासणी हवी. वयावरून अंदाज आधीच येतो. १५ ते ४० वयाचे जास्त असतील तर ई. रुग्ण शाळकरी पोरंच असतील तर ए चा संशय, मग नळाबरोबर शाळेची टाकी आणि गेटवरचा गाडा बघा. महापुरानंतरच्या दिवसांत आणखी एक फसगत होते. जोराचा ताप, पोटऱ्या दाबल्या तरी ठणकतात, डोळे आधी लाल आणि मग पिवळे, लघवी कमी, आणि माणूस चिखलात, गोठ्यात काम करणारा, हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तो उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाणी-चिखलातून कातडीवाटे शिरतो, बहुधा ५ ते १४ दिवसांत उमटतो, आणि त्याला अँटिबायोटिक वेळेत लागतं. असा रुग्ण ‘गावात कावीळ आहेच’ म्हणून यादीत टाकून घरी बसवला तर मूत्रपिंडं जातात.

हे सगळं चालू असताना पाण्याचं काम थांबवायचं नाही. कारण सापडेपर्यंत उकळलेलं पाणी, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट. नुसतं कोमट करणं म्हणजे उकळणं नाही. इंधनाचा प्रश्न असेल त्या घरी क्लोरीनची गोळी द्या, अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटरला, अर्धा तास झाकून मग वापर. गढूळ पाणी आधी तुरटीनं निवळून, कापडानं गाळून घ्यायचं. टँकर आणला तर त्यातल्या पाण्याचीही ओटी घ्या. टँकरचं पाणी शुद्धच असतं ही समजूत कुठून आली कोण जाणे.

आता टीसीएल. इतकी साधी गोष्ट आणि इतकी बिघडवलेली दुसरी नसेल. नेहमीचा हिशेब हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. हा हिशेब चांगल्या पावडरीचा. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की ते झपाट्यानं उडून जातं आणि शेवटी हातात उरतो चुना. २५ टक्क्यांची पावडर असेल तर ५ ग्रॅमनं लिटरला सव्वा मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. तीच १० टक्क्यांवर आलेली असेल तर अर्धा मिलिग्रॅम. पावसाळ्यातलं गढूळ पाणी स्वतःच्या घाणीपायी तेवढं सहज खाऊन टाकतं, आणि नळाला शून्य येतं. कागदावर मात्र ‘२५० ग्रॅम टाकले’ हे खरंच असतं. म्हणून पोत्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून टक्केवारी काढून घ्या, २० टक्क्यांच्या खालची पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नका. पोतं मोटारीच्या खोलीत तर मुळीच नको, मोटर गंजते आणि पावडरही मरते. झाकणाच्या प्लॅस्टिक बॅरलमध्ये, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा.

टाकायची पद्धत अशी. बादलीत पावडर घेऊन थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळी टाकीत, खालचा चुन्याचा साका बाहेर. कोरडी पावडर टाकीत फेकली की तळाला बसते, त्या कोपऱ्यातलं पाणी वासानं प्यावंसं वाटत नाही आणि बाकीच्या पाण्याला काही लागत नाही. निवळी टाकल्यापासून पाणी सोडेपर्यंत किमान अर्धा तास गेला पाहिजे, गढूळ पाण्याला त्याहून जास्त. आपल्याकडं होतं काय, वीज येते त्या वेळेत एका बाजूनं टाकी भरतेय आणि दुसऱ्या बाजूनं गावाला पाणी सुटतंय. टीसीएल मध्येच कधीतरी पडतं. पहिल्या व्हॉल्व्हला नुसतं नदीचं पाणी, शेवटच्याला औषधाचा भपकारा. एकाच गावात एका आळीत ‘पाण्याला वास मारतोय’ आणि दुसऱ्या आळीत कावीळ, या दोन्ही तक्रारी एकाच दिवशी आल्या तर टाकीवर हेच चाललंय असं खुशाल समजा.

ओटी टेस्टनं गळतीची जागाही सापडते, आणि ही युक्ती फार कमी ठिकाणी वापरतात. पाणी सुटायच्या वेळी दोघं-तिघं नळ्या आणि ऑर्थोटोलिडीनची बाटली घेऊन निघा. एक मिलिलिटर पाण्याला ०.१ मिलिलिटर द्रावण, पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. नंतर गडद होतो तो घाणीशी आधीच जोडला गेलेला क्लोरीन, त्याला भुलू नका. द्रावण विषारी आहे, तपासलेलं पाणी प्यायचं नाही, हात धुवायचे. टाकीजवळ लिटरला ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन आलं समजा. खालच्या व्हॉल्व्हला ०.५. लाईनवरच्या तिसऱ्या घरी ०.५, सहाव्या घरीही ०.५, आणि आठव्या घरी एकदम ०.१. सहाव्या आणि आठव्या घराच्या मध्ये काहीतरी क्लोरीन खातंय, तिथं खणा. क्लोरीन हळूहळू उतरत गेलं तर ते लांबीमुळं असू शकतं, पायरी उतरावी तसं पडलं तर बाहेरचं पाणी आत येतंय. लाईनच्या बंद टोकाला पाणी शिळं राहून आकडा आपसूक कमी येतो, तेवढं लक्षात ठेवा. भारतीय मानकाप्रमाणे नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम लागतं आणि विषाणूचा धोका असेल तेव्हा ०.५. साथीच्या काळात ०.२ वर समाधान मानू नका.

बाहेरचं पाणी आत कसं येतं हे लोकांना पटत नाही. पाईपमध्ये दाब असताना भोकातून पाणी बाहेरच जाणार, हे बरोबर. पण आपल्याकडं पाणी पाऊण तास सुटतं आणि उरलेले तेवीस तास लाईन रिकामी असते. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर उताराच्या घरांत नळ चालू राहतात, लाईन रिकामी होताना आत पोकळी तयार होते आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी ओढलं जातं. घरोघरी नळाला थेट लावलेल्या टिल्लू मोटारी हेच काम पाणी चालू असतानाही करतात. खालच्या आळीला म्हणून दुहेरी मार. उतारावरची, गटार तिथंच तुंबणारं, लाईन शेवटची. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की आत साचलेलं सगळं पहिल्या पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं. नमुना घेणारा नियमाप्रमाणे नळ दोन मिनिटं सोडून, तोटी निर्जंतुक करून बाटली भरतो. एरवीच्या देखरेखीला ते ठीक, पण शोध घेताना दोन बाटल्या भरा, एक पहिल्या धारेची आणि एक दहा मिनिटांनंतरची, शक्यतो लाईनच्या शेवटच्या घरातून. बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, तिच्यात क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसेल तर वाटेत क्लोरीन उरलेले जीवाणू मारतं आणि वाईट पाणी चांगलं ठरतं. बर्फाच्या पेटीतून, त्याच दिवशी पोचवा.

खणल्यावर बहुधा काय सापडतं? गटारातूनच आडवी गेलेली गंजकी जीआय पाईप. कनेक्शन सोडून दिलेलं घर, तिथं लाईनला नुसतं लाकडाचं बूच ठोकलेलं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर काळं पाणी आणि त्यात बुडालेला, पॅकिंग गेलेला व्हॉल्व्ह. वरच्या अंगाला संडासाची टाकी, तिचं पाणी थेट गटारात. जोड बदलून काम संपत नाही. लाईन गटाराच्या बाहेर आणि त्याच्यापेक्षा उंच घ्या, गटार ओलांडावंच लागलं तर मोठ्या पाईपच्या आवरणातून न्या, मध्ये जोड नको. बंद कनेक्शनं मुख्य लाईनपाशी तोडा.

दुरुस्तीनंतर तो तुकडा धुवून काढल्याशिवाय पाणी सोडू नका. तीन इंची पाईप, १०० मीटर लांब, तिच्यात साधारण ५०० लिटर पाणी मावतं. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं तर २५ टक्क्यांची पावडर १०० ग्रॅम लागेल. निवळी करून लाईन भरायची, व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवायची, सकाळी शेवटच्या टोकाला सोडून द्यायची, ओटीत रंग नेहमीसारखा येईपर्यंत. आदल्या संध्याकाळी घरोघर सांगून ठेवा की सकाळचं पाणी भरायचं नाही. दवंडीवर भागवू नका, एखादी आजी भरतेच.

आणि कशावर वेळ घालवायचा नाही तेही सांगतो. गटाराच्या दोन्ही कडांना टीसीएलची पांढरी रांगोळी काढतात. साहेब येणार असले की ती जास्त जाड होते. काविळीला तिचा काडीचा उपयोग नाही, तेवढी पावडर टाकीत पडली असती तर बरं झालं असतं. धूर फवारणीही तशीच, ती डासांसाठी, हा आजार डासांचा नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळी, खोली वेगळी हेही नको. हेपॅटायटिस ई घरातल्या घरात माणसाकडून माणसाला फारसा जात नाही. संडासवरून आल्यावर साबणानं हात धुणं आणि रुग्णानं इतरांचा स्वयंपाक न करणं एवढं पाळा.

रुग्णांत एकच गट असा आहे ज्याच्यासाठी थांबायचं नाही. गरोदर बाई, त्यातही सातव्या महिन्यापुढची. एरवी बहुतेकांना आपोआप बरा होणारा हा आजार तिच्या बाबतीत २० ते २५ टक्क्यांपर्यंत जीवघेणा ठरतो. म्हणून पहिल्याच दिवशी आशाताईंकडून गावातल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी घ्या, त्यांच्या घरी उकळलेलं पाणी पितात की नाही हे रोज बघा, आणि डोळे पिवळे झालेली असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत सीपीआरला (कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात) किंवा तशा सोयीच्या रुग्णालयात. इतरांतही सतत उलटी, दिवसा झोप आणि रात्री जागरण, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त यातलं काही दिसलं तर तोच नियम. आधीपासून यकृताचा आजार किंवा दारूचं व्यसन असलेला माणूसही या यादीत धरा. काविळीची माळ घातली म्हणून कुणाशी भांडू नका, पण पोटात घ्यायचं गावठी औषध आणि दुकानातून आणलेली पॅरासिटामॉल या दोन्हींचा भार त्याच आजारी यकृतावर पडतो, तेवढं ठणकावून सांगा. लसीचं विचारतात. चीनमध्ये २०११ साली एक मान्य झाली आहे, आपल्या नियमित लसीकरणात ती नाही, या साथीत तिचा विचार करायला नको.

ग्रामपंचायतीशी बोलताना ‘पाणी दूषित आहे’ एवढंच घेऊन गेलात तर ती अहवाल पुढं करेल. चौकोनांचा तक्ता, व्हॉल्व्हप्रमाणे हजारी प्रमाण आणि घरागणिक ओटीचे आकडे ठेवा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना बरोबर न्या. पाणी गुणवत्तेच्या कार्डाचाही संबंध येतो. वर्षातून दोनदा पाहणी होऊन लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. हिरवं कार्ड जाईल या धास्तीनं रुग्ण लपवले जातात, आणि गळती तशीच राहते.

शेवटची अडचण दुरुस्ती झाल्यावर येते. लाईन बदलली, टीसीएल नीट पडतंय, तरी पुढच्या आठवड्यात आणखी पाच रुग्ण निघतात आणि गाव म्हणतं, काही उपयोग झाला नाही. ते पाच जण दुरुस्तीच्या आधीच पाणी प्यायलेले असतात, आजार आता उमटतोय. दुरुस्ती १० ऑगस्टला झाली असेल तर १९ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ६४ दिवसांवर थोडी सवड धरून दहा आठवडे, तुरळक रुग्ण येतील हे आधीच जाहीर करून टाका. तोपर्यंत प्रत्येक नव्या रुग्णाचा चौकोन त्याच वहीत भरत राहा. ढीग उतरत गेला पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटी तो पुन्हा चढू लागला, किंवा १९ ऑक्टोबरनंतर गावाबाहेर न गेलेल्या कुणाचे डोळे पिवळे झाले, तर एक भोक अजून बुजायचं राहिलंय. पुन्हा चाळीस दिवस मागं मोजायचं आणि आठव्या घराच्या पुढची घरं ओटीनं तपासायची.